मुलांचं फ्लॅग फुटबॉल शिकवताना: सगळ्यांना सारखा खेळ आणि सगळ्यांना मजा, हे जमवायचं कसं?

पाच_यार्ड (धागाकर्ता)

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता फ्लॅग फुटबॉल खेळतात, आणि लीगला प्रशिक्षक कमी पडतात म्हणून क्रिकेट-कबड्डीवर वाढलेल्या आईबाबांच्या गळ्यात शिट्टी पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि फ्लॅग फुटबॉल दोन्ही घ्यायचे, हे तिथे एकाच ठरावात मंजूर झालं. तेव्हापासून या खेळात नाव घालणारी मुलं वाढली आहेत, विशेषतः मुली. कॅलिफोर्नियात तर २०२३-२४ पासून हायस्कूलच्या मुलींसाठी हा अधिकृत शालेय खेळ आहे.

धागा सहा ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. नियम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची चर्चा कळेल. बहुतेक लीगमध्ये पाच विरुद्ध पाच खेळतात. मैदान साधारण ७० यार्ड लांब आणि ३० यार्ड रुंद, त्यात दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन. समोरच्यांच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाउन. आपल्या ५ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात, मधली रेषा ओलांडायला चार प्ले, म्हणजे चार प्रयत्न. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि त्याला लटकणारे फ्लॅग, म्हणजे ओढल्या की सुटणाऱ्या फिती. चेंडू हातात असलेल्याचा फ्लॅग ओढला की प्ले संपला. पाडायचं नाही, अंगाने अडवायचं नाही, धरायचं नाही. २० मिनिटांचे दोन हाफ आणि घड्याळ बहुतेक वेळ चालूच. बारकावे लीगप्रमाणे बदलतात, त्यामुळे आपल्या लीगचं नियमपत्रक छापून खिशात ठेवाच.

माझं ठाम मत असं की न्याय शनिवारी मैदानावर करता येत नाही, तो शुक्रवारी रात्री कागदावर करून ठेवावा लागतो. सामना सुरू झाला की स्कोअर, पालक आणि घड्याळ तिन्ही अंगावर येतात. तशात 'आता कोणाला बसवू' हे ठरवायला गेलं की हात आपोआप जोरात पळणाऱ्या मुलाकडे जातो. तुम्ही पाळ्या कशा लावता?

शनिवार_सकाळ

आमच्याकडे सोपी पद्धत आहे. मुलांना १ ते ९ क्रमांक द्यायचे, दर पझेशनला (चेंडू एका संघाकडे असतो तेवढा वेळ) पुढचे पाच आत. फिरतं वर्तुळ. कोणाला वाईट वाटायचं कारणच नाही.

वही_पेन्सिल

शनिवार_सकाळ, ही पद्धत दिसायला सरळ आहे, पण तिच्यात मोठी चूक लपलेली आहे आणि ती जवळपास प्रत्येक नवा प्रशिक्षक करतो. पझेशन आळीपाळीने येतात: एकदा आपण चेंडू घेऊन पुढे जायचं (ऑफेन्स), एकदा समोरच्यांना थांबवायचं (डिफेन्स). एकच वर्तुळ फिरवलं तर काय होतं ते मांडून बघा. नऊ मुलं, आठ पझेशन:

ऑफेन्स: १ २ ३ ४ ५
डिफेन्स: ६ ७ ८ ९ १
ऑफेन्स: २ ३ ४ ५ ६
डिफेन्स: ७ ८ ९ १ २
ऑफेन्स: ३ ४ ५ ६ ७
डिफेन्स: ८ ९ १ २ ३
ऑफेन्स: ४ ५ ६ ७ ८
डिफेन्स: ९ १ २ ३ ४

आता ९ क्रमांकाचं मूल शोधा. चार वेळा मैदानात आलं, चारही वेळा डिफेन्सला. अख्ख्या सामन्यात चेंडू घेऊन पळायची संधी एकदाही नाही. ५ क्रमांक चारही वेळा ऑफेन्सला, त्याने एकही फ्लॅग ओढला नाही. कागदावर दोघांच्या वाट्याला चार-चार पझेशन आहेत, म्हणून प्रशिक्षकाला सगळं बरोबर वाटतं. मूल मात्र घरी जाऊन म्हणतं, मला चेंडूच मिळाला नाही.

उपाय म्हणजे दोन वर्तुळं ठेवायची, ऑफेन्सचं वेगळं आणि डिफेन्सचं वेगळं. ऑफेन्स १ पासून सुरू करा, डिफेन्स ६ पासून. मग ऑफेन्सला १-५, नंतर ६-७-८-९-१, नंतर २-६, नंतर ७-८-९-१-२. डिफेन्सला ६-७-८-९-१, मग २-६, मग ७-८-९-१-२, मग ३-७. आता प्रत्येकाला किमान दोनदा ऑफेन्स आणि दोनदा डिफेन्स मिळतो, एकूण चार किंवा पाच पझेशन. सलग दोनपेक्षा जास्त पझेशन कोणी बसून राहत नाही. डिफेन्स ६ पासून सुरू करायचं कारण हेच, की पहिल्यांदा बाहेर बसलेले लगेच आत येतात.

दहा मुलं असतील तर एका वर्तुळात गोष्ट आणखी बिघडते: १-५ कायम ऑफेन्स, ६-१० कायम डिफेन्स. दोन वर्तुळांनी ते सुटतं, पण तेच पाच जण कायम एकत्र राहतात. म्हणून हाफटाइमला १-५ मधले एकाआड एक क्रमांक ६-१० मधल्यांशी अदलाबदल करा.

पाच_यार्ड

वही_पेन्सिल, हे मांडून दाखवलंत ते फार बरं केलंत. एक भर घालतो. पहिल्याच प्लेला इंटरसेप्शन झालं, म्हणजे आपला पास समोरच्यांनी झेलला, तर त्या पाच जणांचं पझेशन वीस सेकंदांत संपतं. म्हणून नियम असा ठेवावा: दोनपेक्षा कमी प्ले झाले तर ते पझेशन मोजायचं नाही, पुढच्या वेळी तेच पाच पुन्हा आत. हे पालकांना हंगामाच्या आधी लिहून कळवावं, नाहीतर मैदानाच्या कडेला वाद होतो.

नव्याने_शिट्टी

नमस्कार मंडळी. पहिलाच हंगाम आहे, सात-आठ वर्षांची नऊ मुलं. पाळ्या कळल्या. पण क्वार्टरबॅकचं, म्हणजे प्लेच्या सुरुवातीला चेंडू घेऊन तो पुढे टाकणाऱ्याचं, काय? सगळ्यांना तेच व्हायचंय आणि निम्म्यांना चेंडू पाच यार्डसुद्धा टाकता येत नाही.

सेंटरची_आई

टाकता येत नसेल तरी क्वार्टरबॅक होता येतं, कारण क्वार्टरबॅकचं काम हँडऑफ देणं, म्हणजे चेंडू न टाकता दुसऱ्याच्या हातात देणं, हेही आहे. ज्याचा हात कमजोर आहे त्याच्या पाळीला हँडऑफचे प्ले लावा. स्नॅप (प्ले सुरू करताना सेंटरने मागे दिलेला चेंडू) घ्यायचा, वळायचं, शेजारून पळत येणाऱ्याच्या पोटाशी चेंडू ठेवायचा. एवढं सात वर्षांच्या कोणत्याही मुलाला दोन सरावांत येतं. क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन, प्ले जिथून सुरू झाला त्या रेषेपुढे पळता येत नाही हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या सामन्यात ते पळतंच.

हँडऑफ चुकतो तो घेणाऱ्याच्या हातांमुळे. मुलं दोन्ही तळवे पुढे करून चेंडू मागतात, चेंडू बोटांना आपटून खाली पडतो आणि जमिनीला लागताच प्ले संपतो. क्वार्टरबॅकच्या बाजूचा हात वर घ्यायचा, कोपर छातीच्या उंचीवर, तळवा खाली. दुसरा हात पोटाशी, तळवा वर. मध्ये खण तयार होतो. चेंडू त्या खणात आला की दोन्ही हात मिटायचे. 'पेटी उघड, पेटी मिट' म्हटलं की मुलांच्या लगेच लक्षात येतं. आधी चालत दहा वेळा, मग हलकं धावत दहा वेळा, मग पूर्ण वेगात.

आणि सेंटरला विसरू नका. स्नॅप देणारं मूल बहुतेक लीगमध्ये पास घेऊ शकतं, पण प्रशिक्षक त्याच्याकडे चेंडू जाईल असा एकही प्ले ठेवत नाहीत. मग सगळ्यात शांत मूल सेंटरला अडकून पडतं. एक प्ले असा हवाच: सेंटरने स्नॅप द्यायचा, 'एक, दोन' मोजायचं, चार यार्ड पुढे जाऊन वळायचं. समोरचा डिफेन्स बाहेरच्या दोघांमागे धावलेला असतो, त्यामुळे मधली जागा मोकळी मिळते. पास छोटा, कमजोर हाताच्या क्वार्टरबॅकलाही झेपणारा.

सात_यार्ड_रशर

सेंटरताईंचा हा प्ले नो-रन झोनमध्ये सोन्यासारखा आहे. नव्याने_शिट्टी, हे लक्षात ठेवा: मधल्या रेषेच्या आणि एंड झोनच्या अलीकडे पाच-पाच यार्डांचा पट्टा असतो, तिथून पळून पुढे जाता येत नाही, पासच करावा लागतो. नवे प्रशिक्षक हँडऑफवर हँडऑफ देत तिथपर्यंत सुंदर जातात आणि मग तीन यार्ड उरलेले असताना बाकीचे प्ले वाया घालवतात, कारण छोटा पास कधी बसवलेलाच नसतो. पहिल्या आठवड्यापासून फक्त या पट्ट्यासाठी दोन पास ठेवा. एक सेंटरचा. दुसरा म्हणजे बाहेरच्या दोन रिसीव्हरनी (पास घेणाऱ्यांनी) तीन यार्डांवर एकमेकांसमोरून आडवं जायचं. एक जण थोडा पुढून, एक जण थोडा मागून, नाहीतर धडकतात.

एकूण प्ले किती? आठ वर्षांखाली चार, दहाच्या आसपास सहा-सात, त्याहून मोठ्यांना दहा. दिशा उलटी केली की तेच दुप्पट होतात. वीस प्लेंची वही घेऊन येणाऱ्या प्रशिक्षकाची मुलं हडलमध्ये (प्ले ठरवायला जमलेल्या घोळक्यात) उभी राहून सात वर्षांच्या डोळ्यांनी कागद बघत बसतात आणि घड्याळ पळत असतं.

उन्हाळी_मैदान

सराव कसा घ्यायचा यावरही बोलूया, कारण मजा तिथेच हरवते. सगळ्यात मोठा दोष म्हणजे रांग. दहा मुलं एका रांगेत, प्रशिक्षक एकेकाला पास टाकतो, एका पासला वीस सेकंद. म्हणजे दहा मिनिटांत प्रत्येक मुलाला तीन पास. उरलेला वेळ ढकलाढकली, गवत उपटणं आणि आईकडे बघून 'घरी जाऊया' म्हणणं. त्याऐवजी पाच चेंडू आणा आणि जोड्या करा, पाच यार्डांवर समोरासमोर. पाच सेकंदाला एक पास धरला, अर्धे पडले असं मानलं, तरी त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाच्या हाताला तीसेक झेल लागतात.

सामान फार लागत नाही. दोन मुलांमागे एक चेंडू, सोळा प्लास्टिकचे कोन, दोन जादा पट्टे, पाणी. चेंडूच्या मापावर मात्र तडजोड नको. सहा ते नऊ वर्षांसाठी पी-वी, नऊ ते बारासाठी ज्युनियर, त्यापुढे यूथ. मोठा चेंडू छोट्या पंजात बसत नाही. मग मूल तळव्यावर तोलून ढकलतं, चेंडू फिरकी न घेता कोलमडत जातो, आणि घेणारा त्याला घाबरायला लागतो.

साठ मिनिटांची विभागणी: आठ मिनिटं शिवाशिवी, दहा मिनिटं फ्लॅग ओढणं, दहा मिनिटं जोडीने झेल, बारा मिनिटं प्ले चालत-चालत, पंधरा मिनिटं सामना, मध्ये पाण्याला दोनदा अडीच मिनिटं. शिवाशिवी म्हणजे आपलीच, फक्त प्रत्येकाच्या कमरेला फ्लॅग. २० बाय २० यार्डांचा चौकोन, सगळे सगळ्यांचे फ्लॅग ओढतात. ज्याचे दोन्ही गेले त्याने बाहेर बसायचं नाही, कडेला पाच उड्या मारून फ्लॅग लावून परत आत. बाद करणारा खेळ ठेवला तर ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच मूल सगळ्यात आधी बाहेर जातं.

सात_यार्ड_रशर

फ्लॅग ओढण्याबद्दल जरा सविस्तर. या वयात सामने पासने नव्हे, फ्लॅग ओढण्याने जिंकले-हरले जातात, आणि शिकवायला तेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

नवखं मूल पळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा चेंडूकडे बघतं. खांदे आणि मान हुलकावणी देतात. कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो, म्हणून नजर पट्ट्याच्या बकलावर. दुसरी चूक वेगाची: पूर्ण वेगात येतं आणि शेजारून निघून जातं. दोन-तीन यार्ड आधी पावलं छोटी करायची, गुडघे वाकवायचे, बूड खाली. तिसरी चूक एका हाताने झडप. दोन्ही हात पुढे, जो फ्लॅग जवळ येईल तो, आणि हिसका खाली. चौथी चूक थेट मागून पाठलाग. मागून कोणी सापडत नाही. पळणारा जिथे पोचणार त्या जागेकडे तिरकं धावायचं आणि त्याला कडेच्या रेषेकडे रेटायचं. बाहेरची रेघ हा आपला सहावा खेळाडू.

यासाठी पाच यार्ड रुंद आणि दहा यार्ड लांब अशा दोन गल्ल्या आखा. एका टोकाला चेंडूवाला, दुसऱ्या टोकाला ओढणारा. ओढणारा सतत जिंकत असेल तर गल्ली सात यार्डांची करा, सतत हरत असेल तर चार यार्डांची. निम्म्या वेळा हा, निम्म्या वेळा तो जिंकला पाहिजे, तरच दोघांनाही चव राहते.

कबड्डी खेळलेल्या बाबांना एक विनंती. मुलाला कमरेला मिठी मारायला किंवा पाय धरायला गंमत म्हणूनही शिकवू नका. इथे तो फाउल आहे आणि समोरच्याचं डोकं जमिनीवर आपटू शकतं. हुलकावणी मात्र जरूर शिकवा, ती कबड्डी-खोखोवाल्यांच्या अंगात असतेच.

फ्लॅग ओढल्यावर तो हात वर करून तिथेच उभं राहायचं, म्हणजे पंचाला जागा दिसते. मग तो मालकाच्या हातात परत द्यायचा. जमिनीवर फेकायचा नाही. प्रत्येक सरावात, प्रत्येक वेळी. फ्लॅग हातात दिल्यावर दोन्ही मुलं क्षणभर एकमेकांकडे बघतात, आणि तेवढ्याने पुढच्या प्लेमधली धसमुसळ कमी होते.

नव्याने_शिट्टी

आमची दोन मुलं पळताना हाताने फ्लॅग झाकतात. मुद्दाम करत नाहीत, पण शिट्टी वाजते आणि ती रडकुंडीला येतात.

वही_पेन्सिल

ते फ्लॅग गार्डिंग. पळताना मोकळा हात कमरेशी झुलतो आणि ओढणाऱ्याचा हात त्याला लागतो, पंचाला ते झाकणंच दिसतं. 'झाकू नको' म्हणून उपयोग होत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं. चेंडू छातीशी दोन्ही हातांत धरून गल्लीत पळवा. तीन-चार सरावांनंतर, माणूस जवळ आला की हात आपोआप वर जातो.

पट्टेही तपासा. शर्ट आत खोचलेला, फ्लॅग दोन्ही बाजूंना बरोबर कमरेवर, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून आत. ते टोक समोर लोंबत राहिलं की समोरचं मूल फ्लॅग समजून तेच ओढतं, पट्टा फिरतो, फ्लॅग पाठीमागे जातात. खिसे असलेली पँट नको, ओढणाऱ्याचं बोट खिशात अडकून मुरगळतं. फ्लॅग आपोआप पडला तर प्ले तिथेच संपतो की एका हाताचा स्पर्श लागतो, हे लीगनुसार बदलतं. पहिल्या सामन्याआधी पंचाला विचारा आणि मुलांनाही सांगा.

उन्हाळी_मैदान

एकतर्फी सामन्यांबद्दल कोणी बोललं नाही. आपण चार टचडाउनने पुढे असू तर वेगवान मुलाला बाहेर बसवायचं का? माझ्या मते नाही, त्याची पाळी त्याचीच. जागा बदला. त्याला सेंटर करा, ज्याने अजून चेंडू धरलेला नाही त्याला पळू द्या, आणि ज्या प्लेमध्ये आपण कच्चे आहोत तेच खेळा. डिफेन्सला रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) पाठवणं थांबवा. रशर सात यार्डांवरून सुटतो आणि क्वार्टरबॅकला चेंडू सोडायला सात सेकंद असतात. रशर आला नाही तर समोरच्या घाबरलेल्या मुलाला डोकं वर करून बघायला सवड मिळते. पण मुलांना 'हळू पळ' किंवा 'फ्लॅग सोडून दे' कधीही सांगू नका. समोरच्या मुलांना ते लगेच कळतं, आणि हरण्यापेक्षा ते जास्त लागतं.

सेंटरची_आई

पालकांना पहिल्या आठवड्यातच एक पत्र पाठवावं: पाळ्यांचा तक्ता, पझेशन मोजायचा नियम, आणि मैदानाच्या कडेवरून सूचना न देण्याची विनंती. 'इकडे टाक, पळ पळ' हे आतल्या मुलाला बाबांच्या आवाजात ऐकू येतं आणि ते हडलमध्ये ठरलेला प्ले सोडून देतं. टाळ्या, नावं, 'शाब्बास' हवं तेवढं. पंच बऱ्याचदा पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी असतात, त्यांच्याशी फक्त प्रशिक्षकाने बोलावं, तेही प्ले थांबल्यावर आणि नियम विचारण्यापुरतं. तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी फोनवर.

एका पालकाला वही द्या. प्रत्येक नावापुढे दोन रकाने: चेंडू हातात आला किती वेळा, बसून किती पझेशन. हाफटाइमला तीस सेकंद त्यावर नजर टाकली की ज्याच्या पहिल्या रकान्यात एकही रेघ नाही तो दिसतो. दुसऱ्या हाफचा पहिला हँडऑफ त्याला.

सात_यार्ड_रशर

डोक्याचंही लिहून ठेवतो. पाडापाडी नसली तरी दोघं एकाच फ्लॅगसाठी वाकले की डोकी आपटतात. आपटल्यावर मूल गोंधळलेलं दिसलं, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणालं, तर त्या दिवशी खेळ बंद, सामना कितीही अटीतटीचा असो. डॉक्टरांनी सांगेपर्यंत सरावही नाही. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेचं 'हेड्स अप' हे प्रशिक्षकांसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण फुकट आहे, हंगामाआधी करून टाका. आणि गडगडाट ऐकू आला की सगळे गाडीत किंवा इमारतीत, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानावर यायचं नाही.

नव्याने_शिट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन वर्तुळांचा तक्ता आजच करते. एकच शंका: शनिवारी दोन मुलं आलीच नाहीत तर सगळे क्रमांक नव्याने घालायचे का?

वही_पेन्सिल

नाही. क्रमांक हंगामभर तेच ठेवा, न आलेल्याचा क्रमांक फक्त ओलांडून पुढे जा. सामना संपताना दोन्ही वर्तुळं कुठे थांबली ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा, 'ऑफेन्स ३, डिफेन्स ८' असं, आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू करा. दर वेळी १ पासून सुरुवात केली तर १ आणि २ क्रमांकांना दर आठवड्याला एक पझेशन जास्त मिळतं, आठ सामन्यांत आठ. आणि यादी आडनावाच्या अक्षरांनी लावू नका, चिठ्ठ्या टाका, मुलांसमोर.